साचलं, साठलं, तुंबलं, थकलं

शब्दांच्या चौकशा : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या गेटसमोर दर पावसात पाणी उभं राहतं. वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहायला बसलो आणि घरातच वाद सुरू झाला. मी लिहिलं ‘पाणी साचते’. सूनबाई म्हणाली ‘साठते’. नातवाच्या मते ‘जमा होते’. शेजारचे म्हणाले, ‘तुंबते’ लिहा, त्याशिवाय कोणी फिरकणार नाही. बरोबर काय?
– एक आजोबा, कोथरूड

उत्तर : शेजाऱ्यांचा सल्ला घ्या, पण गेटजवळ चेंबर असेल तरच. तुंबायला आधी वाट असावी लागते. जायची वाट आहे, ती अडली आहे, म्हणून मागं फुगत गेलं, ते तुंबणं. म्हणून गटार तुंबतं, बेसिन तुंबतं, चांदणी चौकात वाहतूक तुंबते आणि साहेब रजेवर गेले की सह्या तुंबतात. साध्या खड्ड्यात पाणी तुंबत नाही, कारण त्याला जायचंच कुठं नसतं. तुमच्याकडे जाळी असेल आणि तिच्यावर पिशव्या अडकल्या असतील, तर ‘चेंबर तुंबल्यामुळे पाणी साचते’ असं लिहा. कारणही आलं, परिणामही आला, आणि कोणत्या खात्याचा माणूस पाठवायचा हे वाचणाऱ्याला कळलं. रस्त्याचा उतारच चुकला असेल, तर मात्र नुसतं ‘साचते’. तिथं चेंबर साफ करणारा येऊन काय करणार?

(‘तुंबळ युद्ध’ हा शब्द यातलाच का, असं मागे एकांनी विचारलं होतं. नाही. तो संस्कृत ‘तुमुल’वरून आला आहे. त्या युद्धात काहीही अडलेलं नसतं.)

आता सूनबाईंचं ‘साठते’. बोलताना पुण्यात दोन्ही चालतात आणि मी कुणाला टोकत नाही. पण लिहिताना फरक करावा, हे मी नोकरीत पाहिलं. सिंचन भवनात, म्हणजे पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात, पावसाळ्यात धरणांचा रोजचा तक्ता लिहायचं काम माझ्याकडे असे. आमच्याकडे नव्यानं आलेल्या एका कारकुनानं एकदा टिपणीत ‘खडकवासल्यात साचलेले पाणी’ असं लिहिलं. साहेबांनी लाल शाईनं त्याखाली रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘धरण की डबके?’ ऑफिसात बरेच दिवस त्यावर हसणं चाललं, पण साहेबांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या पुण्याजवळच्या साखळीतल्या चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी. त्यात पानशेतचे १०.६५, वरसगावचे १२.८२, टेमघरचे ३.७१ आणि ज्याचं नाव साखळीला दिलंय त्या खडकवासल्याचे अवघे १.९७. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. यातल्या प्रत्येक आकड्याला कोणीतरी जबाबदार असतं. किती आलं (त्याला खात्यात ‘येवा’ म्हणतात, कोकणातला ‘येवा’ वेगळा), किती सोडलं, किती उडून गेलं, सगळं लिहावं लागतं. ज्याचा हिशोब कोणीतरी ठेवतो, ते साठतं. ज्याला कोणी विचारत नाही, ते साचतं.

‘साठणं चांगलं, साचणं वाईट’ असं शाळेत सांगतात, ते सोपं आहे म्हणून. ते टिकत नाही. काळा पैसा साठवलेलाच असतो. आणि थेंबाथेंबानं साचणाऱ्या तळ्याला वाईट कोण म्हणेल?

या फरकानं काही बिघडत नाही, असं वाटत असेल तर डेंग्यूच्या पाट्या बघा. ‘पाणी साचू देऊ नका’ असं लिहिलेलं असतं. लोक ती वाचून रस्त्याकडेच्या गटाराकडं बोट दाखवतात आणि निवांत होतात. पण डेंग्यू पसरवणारा एडीस डास घाण गटारापेक्षा स्वच्छ पाणी पसंत करतो. मोरीतलं पिंप, गच्चीवरची उघडी टाकी, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी. यातलं पिंपातलं पाणी आपण साठवलेलं असतं, ट्रेमधलं आपोआप साचलेलं असतं, आणि डासाला दोन्ही चालतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी करा असं सांगतात. पाटीवर ‘साचलेले व साठवलेले पाणी’ असे दोन शब्द लिहिले असते, तर निम्म्या घरांनी आपलं पिंप उघडून पाहिलं असतं. साठवलेल्या पाण्याकडं आठ दिवस पाहिलं नाही की तेही साचलेलंच होतं.

राहिला नातू. ‘जमा’ हा हिशोबाच्या वहीतला शब्द आहे : जमाखर्च, जमाबंदी, अनामत रक्कम जमा. रस्त्यावर पाणी ‘जमा झालं’ तर कुणाच्या खात्यावर? हल्ली बातम्यांत सगळंच जमा होतं : कचरा, धुकं, गर्दी, पुरावे, चरबी. गर्दी आपण होऊन आलेली असते, ती जमते, तसेच ढग. पण दही लागतं, तूप थिजतं, बर्फ गोठतो, रक्त साकळतं, आणि आता यातलं जवळपास सगळं ‘जमायला’ लागलंय. नातवाला रागावू नका, मोबाईलवर हिंदी ऐकत वाढलेल्या मुलांच्या तोंडी हे येणारच. फक्त अर्जात येऊ देऊ नका.

आणि एक. नदीचं पाणी घरात आलं असेल तर ‘साचलं’ लिहूच नका. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं होतं. साचणं आणि शिरणं यांची दाद वेगवेगळ्या टेबलांवर लागते.

प्रश्न : मी सातवीत आहे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ मध्ये साचे म्हणजे गणपतीचे साचे असतात ते का? माझ्या मैत्रिणीने ‘तळे साठे’ लिहिलं. बाईंनी तिचा अर्धा मार्क कापला. तळं तर साठतंच ना?
– एक विद्यार्थिनी, धायरी

उत्तर : गणपतीच्या साच्याचा इथं काही संबंध नाही. इथलं ‘साचे’ हे क्रियापद आहे, ‘साचते’चं जुनं रूप. जुन्या मराठीत असंच बोलत. म्हणींमध्ये ती रूपं तशीच राहून गेली : ‘देव तारी त्याला कोण मारी’, ‘दाम करी काम’. आता एक गंमत बघ. तारी, मारी, करी यांच्या शेवटी ई आहे, साचे याच्या शेवटी ए. सहसा क्रियापद सकर्मक असेल तर ई यायची आणि अकर्मक असेल तर ए : पडे, चाले, उडे, साचे. तारायला कोणीतरी लागतो, मारायलाही लागतो. साचायला कोणी लागत नाही. तळं कोणी भरत बसलेलं नाही, थेंब पडत राहिले एवढंच. म्हणून मैत्रिणीचं ‘साठे’ व्याकरणात बसत असलं, तरी म्हणीतली मजा त्यात राहत नाही. आणि म्हण ही पाठ असते तशीच लिहायची असते, बाईंचा अर्धा मार्क बरोबर आहे.

हे साचणं आलं संस्कृत ‘संचय’वरून. आजीकडं जुनं पुस्तक असेल तर त्यात ‘सांचणें’ असं दोन अनुस्वार देऊन छापलेलं दिसेल. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आले, तेव्हा असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पहिल्या अनुस्वाराबरोबर ‘संचय’शी असलेलं नातंही डोळ्यांआड झालं. धरणाच्या कागदांत मात्र आजही ‘पूर्ण संचय पातळी’ असंच लिहितात.

प्रश्न : उन्हाळ्यात बातमी येते, ‘उजनी उणे २० टक्के’. ताई, पाणी उणे कसं असेल? शून्याखाली काय असतं? आणि ‘मृतसाठा’ म्हणजे ते पाणी पिण्यालायक नसतं का? तसं असेल तर त्याला साठा का म्हणायचं?
– एक वाचक, भिगवण

उत्तर : तुम्ही उजनी धरणाच्या काठावरच राहता, तेव्हा तुम्हाला नीट सांगायला हवं.

धरणाच्या भिंतीत पाणी बाहेर सोडायची दारं असतात. त्यातल्या सगळ्यांत खालच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी उतरलं, की ते आपोआप वाहून बाहेर पडत नाही. उंबऱ्याच्या वरचा तो उपयुक्त साठा, खालचा तो मृतसाठा. पाणी मेलेलं नाही, मासे त्यात मजेत असतात. फक्त ते चालत बाहेर येत नाही, पंप लावून उपसावं लागतं. उजनीत हा भाग फार मोठा आहे : एकूण ११७ टीएमसीपैकी उपयुक्त ५३.५७ आणि मृत ६३.६६. म्हणजे खडकवासला साखळीतली चारही धरणं दोनदा ओतली, तरी उजनीचा मृतसाठा भरत नाही.

टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. तो संपला की शून्य. त्याखालचं पाणी उपसायला सुरुवात झाली, की तेही त्याच ५३.५७ च्या मापानं मोजतात आणि पुढं उणे चिन्ह लावतात. उणे २० टक्के म्हणजे मृतसाठ्यातले सुमारे १०.७ टीएमसी गेले. ‘उणे’ वाचून धरण कोरडं पडलं असं कोणी समजू नये, आणि धरणात अजून पाणी दिसतंय म्हणून कोणी निवांतही बसू नये.

तरी साठा का? वर मी म्हटलं, हिशोब ठेवला जातो ते साठतं. याचा हिशोब तर धरण बांधायच्या आधीपासून ठेवतात. नदी पाण्याबरोबर गाळ आणणार हे ठरलेलंच असतं, म्हणून तळाशी त्याच्यासाठी जागा सोडतात. मृतसाठ्याचं एक काम हेच, गाळाला जागा देणं. अर्थात गाळ काही नकाशा बघून बसत नाही. पाणी जिथं संथ होतं तिथं, म्हणजे धरणाच्या वरच्या टोकाकडंही तो बसतो आणि उपयुक्त साठ्याची जागा खातो. खडकवासला १८७९ सालचं धरण, त्याच्या गाळाची चर्चा आमच्या खात्यात नेहमी असे. एक वाक्य तिथं कायम ऐकायला यायचं : ‘पाणी साठतं, गाळ साचतो.’ भाषेची इतकी नेमकी शिकवणी मला शाळेत कोणी दिली नव्हती.

पेशव्यांच्या माणसांनाही हे कळत होतं. नानासाहेबांच्या काळात, १७५० च्या सुमाराला, कात्रजहून शहरात पाणी आणलं, तेव्हा तिथं एकाखाली एक असे दोन तलाव केले. वरच्यात गाळ बसायचा, निवळलेलं पाणी खालच्यात यायचं आणि तिथून भुयारी नळानं पेठांमधल्या हौदांपर्यंत पोचायचं. ‘निवळणं’ हाही या घराण्यातला शब्द आहे, पण तो उलट्या दिशेचा. साचलेलं खाली राहतं आणि वरचं निवळतं. आभाळ निवळतं, भांडणही निवळतं.

प्रश्न : नोकरीसाठी एकटा राहतो. बाथरूमच्या नळावर आणि गीझरच्या आत पांढरा कडक थर येतो. आईला फोनवर सांगताना मला शब्दच सापडेना. ती म्हणाली, ‘क्षार धरलेत’. मग दुधावर साय पण धरते, लोणच्याला बुरशी पण धरते. हे काय आहे? आणि तो थर जाईल कसा?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : आधी थर. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं, की त्यातल्या बायकार्बोनेटचं न विरघळणारं कार्बोनेट होतं आणि ते कॉइलला चिकटतं. वर थर चढला की वीज जास्त लागते, पाणी उशिरा तापतं. नळाला व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा, मग घासा. सुरीनं खरवडू नका, चकाकी जाते. गीझरला स्वतः हात लावू नका, माणूस बोलवा.

आता आईचा शब्द. आईचं चूक नाही, सोलापूर-नगरकडं असं म्हणणारे मी ऐकलेत. माझ्या कानाला मात्र नळावर क्षार ‘बसतात’. बाहेरून येऊन जे टेकतं, ते बसतं : धूळ बसते, काजळी बसते, तेलाच्या डब्यात तळाला साका बसतो. स्वतःच्या अंगातून जे येतं, ते धरतं : दूध साय धरतं, जखम खपली धरते, पाऊस जोर धरतो, बाळ बाळसं धरतं. लोणच्याची बुरशी खरं तर बाहेरून येते, पण लोणचं आतून बिघडलं असं आपल्याला वाटतं, म्हणून तिलाही ‘धरते’ म्हणतो. लोणच्यावर हा अन्यायच आहे, ओला चमचा घालणारा सुटतो. आणि एकावर एक चढत जातं त्याचं ‘चढणं’ : गंज चढतो, पुटं चढतात, व्याज चढतं. तुमच्या गीझरमध्ये पुटंच चढली आहेत.

स्वयंपाकघरातल्या प्रत्येक तळाला आपल्याकडं वेगळं नाव आहे. तुम्ही एकटे राहता, भांडी स्वतः घासत असाल, म्हणून सांगते. लोणी कढवलं की तळाला उरते ती बेरी. साखर घालून खाऊन बघा. दूध आटवलेल्या पातेल्याच्या कडांना लागते ती खरवड, आणि तिच्यावरून भावंडांमध्ये मारामाऱ्या होतात. समईला किंवा एक्झॉस्ट फॅनला लागतं ते तेलकट, चिकट, बोटाला काळं येणारं, ते कीट. ते मात्र कोणी मागत नाही. दातांवरचं कीटण त्याच वळणाचं, ते घरी जात नाही, दंतवैद्याकडं जावं लागतं.

प्रश्न : वस्तू एकावर एक रचल्या की आमच्या घरी सगळ्यालाच ‘ढीग’ म्हणतात. कपड्यांचा ढीग, ताटांचा ढीग. एवढाच शब्द आहे का?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : तुमच्या घरापासून मार्केट यार्ड जवळ आहे, पहाटे एक चक्कर मारा. पोत्यांची थप्पी असते, हमाल तिला ढीग म्हणणार नाही; थप्पी मोजता येते, ढीग नाही. ताटांची किंवा नाण्यांची चळत, भाकऱ्यांची चवड, कडब्याची गंजी, खळ्यावर धान्याची रास. मोठं मडकं खाली, लहान वर, अशी ती उतरंड. खच पडतो पानांचा, सडा पडतो प्राजक्ताचा. दोन्ही खाली पसरलेलेच असतात, पण खच तुडवतात आणि सड्यावरून आपण जपून पाय टाकतो. तुमच्या कपड्यांचा मात्र ढीगच. घडी घातलेले असते तर चळत म्हटलं असतं.

याच ओळीतला एक शब्द आपण रोज चुकीच्या सुरात वापरतो : पेव. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची अशी पेवं प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांचं फार नुकसान झालं. इतकी सांभाळून झाकलेली गोष्ट, आणि आपण म्हणतो काय, तर ‘क्लासेसचं पेव फुटलंय’. ‘पीक आलंय’ म्हटलं तरी चाललं असतं.

प्रश्न : मी सोसायटीचा सेक्रेटरी. काही सभासद वर्षानुवर्षं मेंटेनन्स देत नाहीत. नोटिशीत ‘आपली थकबाकी साचली आहे’ असं लिहिलं, तर एक निवृत्त प्राध्यापक पैसे न देता शुद्धलेखन काढत बसले. नोटीस सुधारून द्याल का?
– एक सेक्रेटरी, सहकारनगर

उत्तर : प्राध्यापकांचं भाषेपुरतं बरोबर आहे. मेंटेनन्स थकतो, भाडं थकतं, पगार थकतो; थकलं ते थकबाकी, ती आणखी साचत नाही. ‘थकणं’ हा आपल्या भाषेतला मोठा सभ्य शब्द आहे. देणारा दमलेला नसतो, तरी पैसाच बिचारा थकला असं आपण म्हणतो आणि माणसाला बाजूला ठेवतो. ही सोय बुडवणाऱ्यांनी फार वापरली आहे. थकबाकीवर व्याज चढतं आणि दंड लागतो. हे शब्द आपापल्या ठिकाणी नीट घातले, की प्राध्यापकांना खोट काढायला जागा राहत नाही. असं लिहा :

‘सदनिका क्रमांक अमुक यांचा मेंटेनन्स एप्रिलपासून थकला आहे. त्यावर नियमानुसार व्याज चढत आहे. लिफ्ट चालू आहे, पाणी चालू आहे, जिना रोज झाडला जातो, हे आपल्या लक्षात आले असेलच. महिनाअखेर रक्कम भरावी. शुद्धलेखनाच्या सूचना रक्कम भरल्याच्या पावतीसोबत स्वीकारल्या जातील.’

आकडा घालायला विसरू नका, आणि व्याजाचा दर तुमच्या उपविधीत असेल तेवढाच लावा.